नात्याचा रकाना

"आता जोडचिंचा येतील," मंगळा म्हणाली. "मग ओढा. ओढ्यापल्याड मेंढरांचं वाडगं, आन् वाडग्याला लागून आमचं घर."

हनीफभाईंनी जीप हळू केली. वळण आलं, आणि वळणावर खरोखरच दोन चिंचा उभ्या होत्या, बुंध्यापाशी एकमेकींना चिकटलेल्या. हनीफभाई मनोरुग्णालयाच्या गाडीवर बारा वर्षं होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी गप्प बसले, पण आतून मला नाचावंसं वाटत होतं.

मागच्या बाकावर आम्ही तिघी होतो. मध्ये मंगळा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वॉर्डातल्या आया यमुनामावशी. रुग्ण बाई असली की रुग्णालयाची एक बाई सोबत द्यावी लागे, म्हणून त्या आल्या होत्या. मांडीवर मंगळेची कापडी पिशवी धरून त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सकाळपासून चार शब्दही बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, गाडी लागत असेल.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि 'परतवाट' नावाच्या एका छोट्या संस्थेत काम करत होते. आमच्या शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयात दीडेकशे माणसं अशी होती, की जी केव्हाच बरी झाली होती, निदान घरी राहण्याइतकी तरी बरी होती. पण घर कुठे, तेच कागदावर नव्हतं. कुणाला पोलिसांनी स्टेशनावरून आणलेलं, कुणाला बाजारातून. सरकारकडे इमारत होती, औषधं होती, गाडी होती. माणसाशेजारी बसून त्याचं गाव शोधून काढायला कुणी नव्हतं. ते आमच्याकडे होतं, म्हणजे मी होते. तेव्हा आरोग्य खात्याने आमच्या संस्थेशी एका वर्षाचा करार केला. वर्षात चाळीस जणांना घरी पोचवायचं. जमलं तर करार पुढे वाढणार, नाही तर राम राम. मार्च लागला होता. एकोणचाळीस झाले होते. मंगळा चाळिसावी.

मंगळा हे तिचं नाव नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी पोलिसांनी तिला आणलं तेव्हा ती बोलत नव्हती. रजिस्टरात 'अनोळखी स्त्री' असं लिहिलं गेलं आणि हाक मारायला म्हणून वाराचं नाव मिळालं. मंगळवारी आली म्हणून मंगळा. वॉर्डात दोन सोमा होत्या, एक बुधा होती. शनिवारी आलेल्या एकीचं नाव मात्र कुणीतरी दया येऊन शांता ठेवलं होतं.

माझं काम ऐकायला सोपं होतं. खुर्ची टाकून शेजारी बसायचं आणि गप्पा मारायच्या. बाजार कुठल्या वारी भरायचा? जत्रा कुणाची? ऊन सकाळी दारात यायचं की परसात? भाकरी कशाची? माणूस गावाचं नाव विसरतो, पण दारात ऊन कधी यायचं ते विसरत नाही. असे तुकडे जमवायचे, बोलीवरून जिल्हा ओळखायचा, नकाशा काढायचा, ग्रामसेवकांना फोन लावायचे. एकोणचाळीस घरं मी अशी शोधली होती आणि अर्ध्या हळकुंडाने चांगली पिवळी झाले होते. वर्तमानपत्रात फोटो आला होता. आमच्या संस्थेचे ओगले सर सगळ्यांना सांगत, "सुचेताला नुसती बोली ऐकवा, ती तालुका सांगेल."

मंगळा बोलती झाली दिवाळीनंतर. पावसाळाभर मी पुरुषांच्या वॉर्डात होते, बायकांच्या वॉर्डात परत आले तर ती आपणहून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "माझं नाव सगुणा." मग थांबलीच नाही. भाऊ महादू, सात-आठ वर्षांनी धाकटा. आई अन्साबाई. बाजार शुक्रवारचा, जत्रा बिरोबाची. लग्न करून दिलं, पहिल्या बाळंतपणात मूल गेलं आणि डोकं फिरलं, नवऱ्याने स्टेशनात सोडून दिलं. लहानपणी गुळाचा पाक हातावर सांडला होता. तिने बाही वर करून डाव्या हातावरचा डाग दाखवला. मी तो 'ओळखीची खूण' म्हणून लिहून घेतला.

एकच गोष्ट खटकली होती. बोलता बोलता ती मध्येच "कायले" म्हणायची. "कायले रडतीस?" असं ती शेजारच्या बाईला म्हणताना मी ऐकलं होतं. या सगळ्या खुणा माणदेशाच्या, आणि माणदेशात 'कशाला'ला कुणी "कायले" म्हणत नाही. ते तिकडे वऱ्हाडात. मी वहीत तसं टिपलंही होतं. मग स्वतःचीच समजूत घातली, की एका वॉर्डात दहा जिल्ह्यांच्या बायका राहतात, जीभ मिसळणारच. ग्रामसेवकाचा फोन आला, की महादू घुटुकडेची बहीण वीस वर्षांपूर्वी खरोखर बेपत्ता झालेली आहे, आई अजून वाट बघते. त्यानंतर मी वहीचं ते पान उलटलंच नाही.

ओढा कोरडा होता. पलीकडे वाडगं दिसलं, काट्यांची कुंपणं, आणि त्याला लागून पत्र्याचं घर. दारात महादू उभा होता, पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, डोक्याला लाल पटका. त्याची बायको हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन पुढे आली. तिने मंगळेवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मंगळा मान खाली घालून उभी होती.

"तुमची बहीण ना ही?" मी महादूला विचारलं. तो प्रश्न मला विचारावाच लागे.

तो गोंधळला. "बाई, ती नांदाय गेली तवा मी दहा-अकराचा. त्वांड ध्येनात न्हाई हो. आईला ठावं असंल. पर आईला दिसत न्हाई."

अन्साबाई ओसरीवर घोंगडीवर बसल्या होत्या. दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढरे झालेले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी हात पुढे केले.

"हिकडं यी," त्या म्हणाल्या.

मंगळा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. अन्साबाईंची बोटं तिच्या केसांतून कपाळावर आली, नाकावर, कानांच्या पाळ्यांवर. मी कॅमेरा काढला. दारातला एक फोटो अहवालाला जोडायचा असे. म्हातारीची बोटं दंडावरून खाली डाव्या हातापर्यंत आली आणि डागावर थांबली. खूप वेळ थांबली. मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, आणि त्यात सगळं नीट दिसतं, फक्त त्या क्षणी मला काही दिसलं नाही.

"सगुणा कवा गेली?" अन्साबाईंनी विचारलं.

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मी पुढे होऊन म्हणाले, "आजी, हीच सगुणा. तुमची सगुणा आली."

"बाई, तुमी जरा गप ऱ्हावा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. आणि डागावरचं बोट न काढता मंगळेला म्हणाल्या, "ह्यो डाग वरसाचा बी न्हाई. माज्या लेकीचा डाग मी धा-बारा वरसं पायलाय, निजल्यावर हात फिरवलाय. त्यो गुळगुळीत झाला व्हता. सांग, कवा गेली?"

महादूच्या बायकोच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"पाच वर्सं झाली," मंगळा म्हणाली.

"कशानं?"

"ताप व्हता. थंडीचे दिस व्हते."

"कोण व्हतं जवळ?"

"मी व्हते. मांडीवर डोस्कं व्हतं तिचं."

"पानी मागितलं?"

"मागितलं. पाजलं मी."

अन्साबाईंनी डागावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माजं नाव घ्यायची?"

"रोज घ्यायची," मंगळा म्हणाली. "रोज रातच्याला सांगायची. चिंचा, वढा, वाडगं, तुमी, महादू. मला सगळं पाठ झालं. मला माजं काय बी याद न्हाई, आई. तिचं तेवढं याद हाय."

तेव्हा म्हातारीने तोंडाला पदर लावला. तिचा हात मात्र मंगळेच्या हातावर तसाच होता.

मी ओसरीवरून उतरले. जीपपाशी यमुनामावशी उभ्या होत्या, पिशवी अजून पोटाशी धरून. मी त्यांच्यावर धावून गेल्यासारखी गेले.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं."

"सगुणा कोण होती?"

"शुक्रा. मंगळेच्या शेजारच्या कॉटवरची. शुक्रवारी आणली म्हणून शुक्रा. दोघी एका ताटात जेवायच्या. ती गेली, बेवारस म्हणून नेली. ही वर्षभर तिच्या कॉटखाली निजायची."

"आणि तो डाग?"

"नवरात्रात. सैपाकघरात तापल्या तव्यावर हात दाबून धरला. मीच मलम लावलं. वरती सांगितलं, चुकून भाजलं."

"अहो, मग मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

यमुनामावशींनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी त्या वॉर्डात काढली होती, आणि मी त्यांच्या तोंडाकडे नीट पहिल्यांदाच बघत होते.

"तुम्ही कधी इचारलं, ताई? खुर्ची टाकून मंगळेपुढं बसायचा आणि मला म्हणायचा, मावशी, जरा बाहेर थांबता का. मी बाहेर थांबायची."

त्यात खोटं काही नव्हतं. रुग्णाशी एकांतात बोलायचं, रुग्णालयाचं माणूस जवळ ठेवायचं नाही, हा आमच्या संस्थेचा नियम होता. माणूस भीतीने बोलत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. करारानुसार आम्हाला फक्त जिवंत रुग्णांचे कागद बघायची मुभा होती. मेलेल्यांचं रजिस्टर कपाटात असायचं आणि ते मागायचं मला सुचलंही नव्हतं. दीडशे माणसांची घरं शोधायला निघालेली मी, त्यांच्याबरोबर तीस वर्षं राहिलेल्या बाईला दाराबाहेर उभं करत होते. शहाणपणा म्हणतात तो हाच.

"आणि खरं सांगायचं तर," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, जाईल बिचारी. म्हातारी आंधळी हाय म्हणून ऐकलं व्हतं. एक तर सुटंल."

ओसरीवर परतले तेव्हा महादू आईशेजारी उकिडवा बसला होता. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते: झाल्या प्रकाराबद्दल माफ करा, आमची चूक झाली. महादूने मला बोलूच दिलं नाही.

"आई म्हंती, राहू द्या हिला," तो म्हणाला. "माजी ना न्हाई. दोन भाकऱ्या जास्ती थापायच्या, त्यात काय? आईला सोबत व्हईल. आम्ही मेंढरं घेऊन भाईर पडलो की आई सा महिनं एकटीच असती."

त्याची बायको म्हणाली, "माजी बी ना न्हाई."

मी मंगळेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. ती नजर मला आजही आठवते. सतरा वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं नसेल, आणि आता ती माझ्याकडे मागत होती. माझ्या बॅगेत तो अर्ज होता. दोन पानी, निळसर कागदाचा, तीन प्रतींत. रुग्णाचं नाव, वय, खूण, ताब्यात घेणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली 'रुग्णाशी नाते'. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सूचना: नाते रक्ताचे अथवा विवाहाचे असावे, संस्थेच्या प्रतिनिधीने खात्री करून स्वाक्षरी करावी.

"मला फोन करायला हवा," मी म्हणाले.

फोन फाट्यावर होता, दोन मैलांवर, किराणा दुकानाला लागून काचेची खोली. हनीफभाई घेऊन गेले. आधी अधीक्षकांना लावला. डॉ. केळुसकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, रुग्ण आमचा," ते म्हणाले, "पण ओळख पटवणं करारानुसार तुमच्याकडे आहे. तुम्ही 'बहीण' लिहून सही केलीत तर मी डिस्चार्जवर सही करतो. विषय संपला."

"पण ती बहीण नाही, सर. आणि ते ठेवून घ्यायला तयार आहेत. तुम्ही तसं लिहून द्या ना, की नातं नसलं तरी हरकत नाही."

"तसं मी कसं देऊ? उद्या तिला काही झालं तर? परक्या घरात रुग्ण सोडला म्हणून माझी चौकशी लागेल. मला तुम्ही हे सांगितलंच नाही असं समजतो. तुमची संस्था काय म्हणते ते बघा."

मग ओगले सरांना लावला. ते म्हणाले, "सुचेता, एक खोटी सही निघाली तर बाकीच्या एकोणचाळिसांवर शंका घेतील. वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. पुढची शंभर माणसं आत सडतील. त्यांचा विचार कर." आणि मग म्हणाले, "डॉक्टर परवानगी देत असतील तर लेखी घे. निर्णय त्यांचा आहे. रुग्ण त्यांचा."

मी पुन्हा डॉक्टरांना लावला. शिपाई म्हणाला, साहेब राउंडला गेले.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. दोन्ही घरं भली होती, दोघांनी मिळून पाहुण्याला बोलावलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की पान दुसऱ्याकडे वाढलंय. पण हे मी आज म्हणते आहे. त्या वेळी मी काचेच्या खोलीत घामाघूम होऊन उभी होते आणि खरं सांगायचं तर मला कळून चुकलं होतं की मी काय लिहिलं ते कुणीही कधी तपासणार नाही. सगुणा कुठल्याच कागदावर नव्हती. कागदावर शुक्रा मेली होती. मी 'बहीण' लिहिलं असतं, महादूने अंगठा दिला असता, चाळीस पुरे झाले असते, आणि म्हातारीच्या ओसरीवर ती बाई राहिली असती. फक्त एक खोटा शब्द. मला तो लिहायची भीती वाटली. त्या भीतीला मी प्रामाणिकपणा म्हणत होते.

परत आले तेव्हा मंगळा अन्साबाईंच्या मागे बसून त्यांचे केस विंचरत होती. महादूच्या बायकोने चुलीवर चहा टाकला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, आज ठेवता येणार नाही. पंधरा दिवसांत कायदेशीर मार्ग काढते. तोवर तिला परत न्यावं लागेल.

महादू उठून उभा राहिला. "जित्या मानसाला घरात घ्यायचंय, कुनाचं काय चोरायचं न्हाई. त्यात तुमचा कागद आडवा येतो?"

"त्यावर नातं लिहावं लागतं, महादूभाऊ."

"मंग लिवा की," अन्साबाई म्हणाल्या. "लेक म्हनून लिवा. मी सांगतीया न्हवं?"

"आजी, तसं लिहिता येत नाही. ती तुमची लेक नाही."

हे मी मंगळेसमोर बोलले. हळू, समजावणीच्या सुरात, आम्हाला शिकवलेल्या त्या मऊ आवाजात बोलले. मंगळेने फणी अन्साबाईंच्या हातात दिली. ती उठली, कुणाच्या पाया पडली नाही, कुणाकडे बघितलं नाही, आणि सरळ जाऊन जीपमध्ये बसली. यमुनामावशी तिच्या शेजारी जाऊन बसल्या. चहा कुणीच घेतला नाही.

जोडचिंचा मागे गेल्यावर मी तिला विचारलं, "मंगळा, तुझं खरं गाव कुठलं गं? आठव ना. आपण तेही शोधू."

"हेच," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढचं सगळं कागदांवर झालं. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज लिहिला: नाते नसलेल्या पण इच्छुक कुटुंबाकडे रुग्ण सोपवण्यास मान्यता मिळावी. रुग्णालयाने तो 'संस्थेचा अभिप्राय जोडावा' म्हणून परत पाठवला. आम्ही अभिप्राय जोडला. मग तो खात्याकडे गेला. तिथून 'रुग्णालयाने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा' म्हणून आला. रुग्णालयाने लिहिलं, 'करारात तरतूद नाही, सबब संस्थेने करारदुरुस्ती प्रस्तावित करावी.' कुणीही नाही म्हटलं नाही. सगळे माझ्याशी गोड बोलत होते. मार्चअखेर एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर सापडलं, चाळीस पुरे झाले, आणि करार तीन वर्षांसाठी वाढला. समारंभात डॉ. केळुसकरांनी माझ्या सचोटीचा खास उल्लेख केला. मी टाळ्या वाजत असताना खाली बघत होते.

वऱ्हाडातलं तिचं गाव शोधावं, हे माझ्या मनात येत होतं. "कायले" एवढा एकच धागा होता, पण त्याहून कमी धाग्यावर मी घरं शोधली होती. करारदुरुस्तीच्या धावपळीत मी ते उद्यावर टाकत राहिले.

मंगळेने जेवण सोडलं ते एप्रिलमध्ये. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ताट पुढे आलं की ती ते शेजारच्या कॉटकडे सरकवायची. सलाइन लावलं, नळीने दूध घातलं. यमुनामावशी घरून भाकरी आणून तिच्या तोंडाशी धरायच्या. एकदा मी खुर्ची टाकून तिच्यापुढे बसले, आणि मावशी सवयीने बाहेर निघाल्या. "मावशी, थांबा," मी म्हणाले. त्या थांबल्या. मंगळेने भिंतीकडे तोंड केलं. मी तासभर बसले आणि उठून आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. यमुनामावशींनी मला घरी फोन केला. मी फाट्यावरच्या दुकानात फोन लावून निरोप ठेवला. असा निरोप द्यावा असं करारात कुठे नव्हतं, आणि कुणी येईल असं मला वाटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादू आईला धरून रुग्णालयाच्या फाटकातून आत आला. पहाटेच्या एसटीने निघाले होते, दोन गाड्या बदलून आले होते. अन्साबाईंच्या काखेत नवं हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. मी पुढे होऊन नमस्कार केला. माझा आवाज त्यांनी ओळखला, पण महादूचा हात धरून त्या पुढे चालत राहिल्या.

शवागाराच्या बाहेर लिपिक टेबल टाकून बसला होता. त्याच्यासमोर एकाच पानाचा अर्ज होता.

"नाव?"

"सगुणा," अन्साबाई म्हणाल्या.

लिपिकाने माझ्याकडे पाहिलं. "इथे मंगळा आहे."

"मंगळा ऊर्फ सगुणा," मी म्हणाले. त्याने लिहिलं.

"मयताशी नातं?"

महादूने आईकडे पाहिलं.

"लेक," अन्साबाई म्हणाल्या.

लिपिकाने 'मुलगी' असं लिहिलं आणि अर्ज त्यांच्याकडे फिरवला. शाईचा डबा उघडून पुढे केला.

"काही पुरावा लागेल का?" मी विचारलं. मला का विचारावंसं वाटलं, सांगता येत नाही.

"प्रेताला कसला पुरावा, मॅडम?" तो म्हणाला. "कुणी न्यायला आलं हेच खूप."

महादूने आईचा अंगठा धरून शाईला लावला आणि कागदावर टेकवला. हनीफभाईंनी गाडी मागे घेतली. ते त्यांना गावापर्यंत सोडणार होते. त्यासाठी कुणाची परवानगी लागते का, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही. यमुनामावशी लुगडं घेऊन आत गेल्या होत्या.

अन्साबाई माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या. अंगठ्याची शाई त्यांनी पदराला पुसली.

"त्या दिशी बी म्या ह्येच सांगितलं व्हतं न्हवं, बाई?"

"हो," मी म्हणाले.